भिंतीवरचा कागद

मालनने भिंतीवरचा कागद ओरबाडला आणि त्यावरच भजी काढली. बाहेरून दहावीला बसलेली धाकटी जाऊ महिनाभर तोच कागद समोर ठेवून, भाकऱ्या थापता थापता विज्ञान पाठ करत होती. आठवीत शाळा सुटलेल्या मालनचा नुसता जळफळाट होई.

धाकटी आली. भज्यांखालचा कागद तिनं पाहिला. पीठ मळत आठवू लागली, "पेशीचे भाग... पेशीपटल, पेशीद्रव्य..." आणि अडली.

"केंद्रक," मालन खेकसली. "मग तंतुकणिका, मग हरितलवक. ऐकून ऐकून कान किटले माझे!"

धाकटी तिच्याकडे बघतच राहिली. "ताई, तो शेवटचा शब्द मी कधीच मोठ्यानं म्हटला नाही. माझी जीभच वळत नाही."

 मालन भजी ताटात ओतून कागदावरचं तेल पदरानं टिपू लागली.