गिरणीखालची जमीन

मायते जीपमधून उतरली तेव्हाच तिचा चेहरा पडलेला होता. डेलमार रस्क गिरणीच्या दारात तिची वाट बघत उभा होता.

नेवाडाच्या त्या उजाड सरकारी जमिनीवर पाच एकरांत त्याचा सारा संसार होता. आसपासच्या छोट्या खाणवाल्यांचा दगड भरडून देणारी गिरणी, तिच्यामागे पत्र्याचं घर, घरात बायको आयडा. भूमी कार्यालयाचं पत्र आलं होतं : तीस दिवसांत पुरावा द्या, नाहीतर जागा सोडा. तेव्हापासून आयडा ताटल्या वर्तमानपत्रांत गुंडाळत होती. आज सत्ताविसावा दिवस.

जमिनीत काय आहे ते तपासून घ्यायचं तर खोल बोअर पाडायला हवेत, प्रयोगशाळा हवी. ते त्याला कुठलं परवडायला! पण पत्र आलं त्याच दिवशी तो बारमध्ये बोलून गेला, की गिरणीखाली काहीतरी चमकतंय. आठवड्यात शेजारच्या मोठ्या खाण कंपनीने बोअर पाडायचं यंत्र धाडलं आणि सोबत मायते ही भूगर्भतज्ज्ञ पोरगी. डेलमारची अट एकच होती, अहवालाची सही केलेली प्रत.

"काका, वाईट बातमी आहे."

"आधी कॉफी घे."

"तिन्ही बोअरमध्ये काही नाही. सोन्याचा कणही नाही."

"कणही नाही?" त्याने पुन्हा विचारलं.

"तुमच्यासाठी मी दोनदा तपासायला लावलं."

"दोनदा!" त्याचे डोळे भरून आले. "पोरी, तुझे उपकार कसे फेडू?"

"उपकार कसले? उद्या यंत्रही हलवतोय आम्ही. तुम्हाला चमकलं ते अभ्रक असणार."

"गेल्या वर्षी बाटलीचं झाकण उचलून आणलं होतं यांनी," आयडा पायरीवरून म्हणाली.

मायते कसंनुसं हसली. "ही घ्या प्रत. पण करणार काय हिचं?"

"जपून ठेवीन." त्याने तिच्या हातात पीचच्या मुरंब्याची बरणी कोंबली. नको नको म्हणत तिने ती घेतली. इतकं भलं माणूस त्याला फार दिवसांनी भेटलं होतं.

जीप दिसेनाशी झाली.

"आयडा, ताटल्या बाहेर काढ."

त्याने खिळ्यावरचं पत्र उतरवलं, अहवाल त्याला टाचला आणि शेवटची ओळ पुन्हा एकदा मोठ्याने वाचली : 'सदर जागा केवळ गिरणीसाठी दिलेली असून, तिच्या पोटात कोणतेही मौल्यवान खनिज नाही हे सिद्ध न झाल्यास ती रिकामी करावी लागेल.'