ठमीचा पहिला घास

चमचा ओठांना टेकला आणि ठमीनं तोंड गच्च मिटून घेतलं. सहा महिन्यांच्या आयुष्यातला तिचा हा पहिला घास. गाजर आणि बटाटा, उकडून, कुस्करून, अगदी पातळ केलेला. आई तिच्यासमोर जमिनीवर फतकल मारून बसली होती. सासूबाई खुर्चीच्या कडेवर आल्या होत्या. नवऱ्याला ऑफिसला उशीर होत होता, पण तोही हातात मोजे घेऊन दारातच रेंगाळला होता.

आईचं अर्धं लक्ष मात्र स्वतःच्या डाव्या पापणीकडे होतं. गेले काही आठवडे ती मधूनच फडफडायची. कधी पोटरी आपली आपणच उडायची, कधी अंगठा. ठमीला पाजता पाजता तिनं एका हातानं फोनवर शोधलं, तर तिथे एक भयंकर आजार दबा धरून बसलेला. आधी स्नायू उडतात, मग गिळता येईनासं होतं. झालं, दुसऱ्याच दिवशी तिच्या घशात घास अडकायला लागला. डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, जीभ बाहेर काढायला लावली आणि सांगितलं, काही झालेलं नाही, झोप पूर्ण करा. तान्ह्या बाळाच्या आईला झोप पूर्ण करा म्हणणाऱ्या माणसाचं बाकीचं तरी काय खरं मानायचं, असं पुटपुटत ती घरी आली. तेव्हापासून ती सूप आणि दुधावर होती, तेही घोट घोट, जीव मुठीत धरून. ठमी चालायला लागेल तेव्हा आपण असू का, एवढा एकच प्रश्न तिच्या मनात होता. तो तिनं कुणालाच विचारला नव्हता.

"गिळायचं कसं तेच तिला ठाऊक नसेल," सासूबाई म्हणाल्या. "तू करून दाखव."

नेमकं तेच तर तिला नको होतं. पण ठमी टक लावून बघत होती. आईनं चमचाभर तोंडात घेतलं, डोळे मिटले आणि गिळलं. गळा वरखाली झाला. ठमी खुदकन हसली. लाळेनं भिजलेलं बोट पुढे करून तिनं त्या गळ्याला लावून पाहिलं. आईनं दुसरा चमचा घेतला. पुन्हा हसू. मग आईला चेवच आला. हा बाबाच्या वाटचा, हा आजीच्या वाटचा, हा खालच्या मजल्यावरच्या कुत्र्याच्या वाटचा.

"अगं," नवरा दारातून म्हणाला, "पोरीची वाटी तू संपवलीस."

तिनं वाटीत पाहिलं. हात आपसूक गळ्याकडे गेला. तिथे काहीच अडकलं नव्हतं. घास उतरवायला पाणी घ्यायचीसुद्धा आठवण झाली नव्हती.

सासूबाई दुसरी वाटी भरून घेऊन आल्या. या खेपेला चमचा त्यांच्या हातात होता. ठमीचं तोंड पुन्हा कुलूपबंद. तेवढ्यात आईची पापणी फडफडली. ती दचकली. ठमीनंही ती पाहिली. जगात अशीही एक गंमत असते यावर विश्वास न बसल्यासारखा तिनं भला मोठा आ केला. सासूबाईंनी संधी साधली. चमच्याचं टोक आत गेलं. ठमीनं चव घेतली, जरा विचार केला आणि गिळून टाकलं. नवऱ्यानं मोज्यांसकट टाळ्या वाजवल्या.

पुढच्या चमच्याला मात्र तोंड पुन्हा बंद.

"परत हलव ना ती पापणी," तो म्हणाला.

"माझ्या हातात आहे का ते?"

"थांबतच नाही म्हणत होतीस ना?"

तो ऑफिस विसरून तिच्याजवळ उकिडवा बसला आणि तिच्या डाव्या डोळ्यात रोखून बघू लागला. सासूबाई चमचा धरून सज्ज. ठमीही आशेनं वाट बघत होती. आईनं श्वास रोखून धरला आणि मनातल्या मनात हात जोडले. एकदाच गं बाई, फक्त एकदा फडफड.

पापणी ढिम्म.