यंत्राची साक्ष

ऑपरेशनमध्ये भुलीचं औषध जास्त झालं आणि हसीना मुजावरचा नवरा दगावला. तिनं हॉस्पिटलवर दावा लावला, तेव्हा हॉस्पिटलचे वकील मिरजेला तिच्या घरी आले.

“भूल यंत्रानं दिली होती, बाई. उद्या त्याची स्मृती कायमची पुसतोय. तीच त्याला शिक्षा.”

“त्यानं तीनदा धोक्याची सूचना दिली होती. ती कुणीतरी बंद केली आणि आता स्मृती पुसणार आहेत, असं नर्स म्हणाली.”

“नर्स कोर्टात बोलणार नाही.”

“यंत्र बोलेल.” हसीनानं मनाई हुकूम त्यांच्यापुढं ठेवला. “स्मृतीला हात लावायचा नाही, असं कोर्टानं सकाळीच सांगितलंय.”

महिन्याभरानं न्यायाधीशांनी यंत्राला विचारलं, “सूचना कुणी बंद केली?”

यंत्रानं ऑपरेशन करणाऱ्या, कोर्टातच बसलेल्या डॉक्टरांचं नाव घेतलं. वकील हरकत घ्यायला उठले, पण हसीना त्यांच्याआधी उभी राहिली.

“पुन्हा विचारा, साहेब,” ती म्हणाली. “डॉक्टरांना नीट ऐकू द्या.”