मोडीत दिलेले ठोके

दुपारी ऊर्वीला झोपवताना केतकी नवऱ्याचं, निषादचं स्मार्ट घड्याळ तिच्या गालाखाली ठेवायची. त्यात त्याच्या हृदयाचे ठोके साठवलेले होते, आणि तो वारल्यापासून लेक ते ऐकतच झोपायची. पण हल्ली घड्याळ बाळाच्या तापाची सूचना उशिरा देऊ लागलं, तशी केतकी धास्तावली.

"अगं, आतलं यंत्र बदलून घे," सासूबाई म्हणाल्या. "जुनं मोडीत दे. बाहेरचं सोनं तर तेच राहणार." आतलं यंत्र बदलत राहता यावं म्हणूनच निषादने एवढं महागाचं घड्याळ घेतलं होतं. केतकीने दुकानात यंत्र बदलून घेतलं आणि जुनं तिथेच मोडीत दिलं.

नव्या यंत्राने ताप लगेच ओळखला. ठोके मात्र त्यात नव्हते. केतकी तशीच दुकानात धावली.

"ताई, मोड कालच भट्टीत गेली," दुकानदार हळू आवाजात म्हणाला. "त्यात काही राखायचं होतं का?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"मोड घेताना कोण विचारतं, ताई?"

घरी येऊन तिने घड्याळ मनगटाला बांधलं, स्वतःचे ठोके त्यात भरले आणि ते ऊर्वीच्या गालाखाली सरकवलं. ठोके भराभर पडत होते. ऊर्वीने ते क्षणभर ऐकले, घड्याळ हाताने दूर सारलं आणि ती दाराकडे बघत राहिली.