चारशे चोवीस गाणी

गाणं संपलं आणि अंगणात उभी गाडी पुन्हा मुकी झाली. टेपच्या पडद्यावर त्याच गाण्याचं नाव दुसऱ्यांदा सरकत गेलं, आवाजाचा मात्र पत्ता नाही. भिलाबापूंनी बटण दाबलं. पुढचं गाणं लागलं. ते संपलं, की त्याचंही मुकं जुळं हजर. त्यांच्या मुलाने, धर्मेंद्रदादाने, सुरतहून मित्राच्या कॉम्प्युटरवर कार्डात दोनशे बारा गाणी भरून पाठवली होती. टेप सांगत होता, चारशे चोवीस.

"ह्या कार्डमा भूत शे," बापू म्हणाले.

चेतना शेजारच्या सीटवर मांडी घालून बसली होती आणि मांडीवर वहिनीचा लॅपटॉप होता. बापूंची दहावीतली पोर. गेल्याच महिन्यात शाळेच्या स्टेजवर न अडखळता भाषण ठोकून आली होती, तेव्हापासून तिला जगात काहीच अवघड वाटत नव्हतं. शिवाय खरी अक्कल मागे उभी होतीच. दादाची बायको नूतनवहिनी, कॉम्प्युटरची पदवी घेतलेली, गाडीच्या मागच्या दारापाशी डोक्यावर पदर घेऊन उभी होती.

या घरात सून सासऱ्याशी थेट बोलत नसे. लग्नाला दोन वर्षं झाली होती. वहिनी हळू आवाजात चेतनाला सांगायची, चेतना तेच मोठ्याने बापूंना. बापूंचं उत्तरही चेतनालाच. तिघं हातभर अंतरावर असली तरी हेच. ऐकू सगळ्यांना सगळं यायचं, पण मधल्या माणसाच्या तोंडून आल्याशिवाय ते ऐकलं असं धरायचं नाही. मोठे निरोप माय न्यायची, किरकोळ चेतना. तिला हे काम फार आवडायचं. निरोपात ती थोडा मीठमसाला घालायची आणि बापूंचा घोगरा आवाज तर असा काढायची, की गोठ्यातली गायसुद्धा मान वर करायची.

चार दिवसांपूर्वी वहिनीला नंदुरबारच्या एका शाळेतून कॉम्प्युटर शिकवायला बोलावणं आलं. बापूंना विचारा, असं तिने मायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी मायने भाकरी थापता थापता चेतनाला म्हटलं, बापू नही म्हन्तस, सांगी दे. चेतनाने तो नकार वहिनीला बापूंच्या आवाजात करून दाखवला. नही म्हंजे नही. वहिनी हसली नाही. आज पाचपर्यंत शाळेला फोन करून कळवायचं होतं. चार वाजून गेले होते.

कार्ड लॅपटॉपमध्ये घातलं तर तिथे गाणी बरोब्बर दोनशे बारा. बापूंनी कपाळाला हात लावला. लपवलेल्या फाइली दाखव, असं वहिनी मागून पुटपुटली. चेतनाने ते मोठ्याने बापूंना सांगितलं, जणू शोध तिचाच, आणि टिचकी मारली. पडद्यावर भराभर फिकट फिकट फाइली उगवल्या. प्रत्येक गाण्याची एक.

बापूंचा धीर सुटला. पुसून टाक सगळं, नवीन भरून मागवू, म्हणाले. चेतना एका पायावर तयार. तिने सगळ्या फाइली एकदम निवडल्या, पडदा निळा झाला, आणि पुसायचं बटण तिने बापूंना बोटाने दाखवलं. त्या निळ्यात बापूंच्या भजनी मंडळाची नऊ रेकॉर्डिंगंही होती, हे दोघांच्या ध्यानातच आलं नाही. ज्या मोबाइलवर ती केली, तो विहिरीत पडून वर्ष झालं होतं. ती उरली होती एका जुन्या कार्डात; दादाने ती यात हलवल्यावर ते कार्डही बाद झालं, आता ती दुसरीकडे कुठेच नव्हती. बापूंनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि बोट उचललं.

"बापू, हात नका लावू त्याले."

हे चेतना बोलली नव्हती.

ओट्यावर तूर निवडणाऱ्या मायचं सूप थांबलं. बापूंचं बोट तसंच वर राहिलं. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. वहिनी गाडीला वळसा घालून चेतनाच्या बाजूच्या खिडकीपाशी आली. आता बोललीच होती, तर पुरतं बोलली. सुरतेच्या मित्राचा कॉम्प्युटर वेगळ्या बनावटीचा. तो प्रत्येक गाण्यासोबत स्वतःसाठी एक चिठ्ठी ठेवतो. चिठ्ठीवर नाव गाण्याचं, आत गाणं नसतं. टेप बिचारा तिलाच गाणं समजतो. बोलता बोलता तिने लॅपटॉप खिडकीकडे ओढून फाइली नावाने लावल्या. टिंब आणि आडव्या रेघेने सुरू होणाऱ्या सगळ्या वर गोळा झाल्या. तेवढ्याच निवडल्या, तेवढ्याच पुसल्या. कार्ड काढून पुढे केलं. चेतनाच्या हातात नाही, बापूंच्या.

टेपवर दोनशे बारा आकडा आला. एक गाणं लागलं, ते संपताच दुसरं. मग मृदंग वाजला आणि बापूंच्याच मंडळाचं भजन सुरू झालं. बापूंनी ते पूर्ण ऐकलं. चेतना मध्ये बसून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिली. सांगायला काही उरलंच नव्हतं.

बापूंनी आवाज कमी केला. समोरच्या काचेकडे बघतच विचारलं, "इतलं येस तुले, मंग घरमा काय बशी ऱ्हायनी?"

वहिनीने पदर सावरला. "नंदुरबारनी शाळामा बलायेल शे. पन तुम्ही नही म्हनात ना."

बापूंनी चेतनाकडे पाहिलं. चेतनाने ओट्याकडे पाहिलं. माय सुपातले खडे उगाच पुन्हा निवडायला लागली होती.

"तुम्ही काय 'हो' म्हंतात का?" ती सुपातच बघत म्हणाली. "तीस वरीस व्हयनात, माले काय माहीत नही का?"

बापूंनी टेप बंद केला.

"माले ते कोनी इचारंच नही."