ठोके पुरवणारा क्लास

ओमानमध्ये अल अमेरातला एकटे राहणाऱ्या बाबांच्या हृदयाचे ठोके रोज तिथून दूर, निझवा शहरात माझ्या फोनवर दिसायचे. ॲप त्यांनीच लिहिलं होतं. ते गेले त्या सकाळीही सगळं नॉर्मल होतं.

त्यांच्या ऑफिसातल्या रुपेशने कोड उघडला. "ताई, ठोके पुरवणारे क्लास, म्हणजे कोडचे तुकडे, दोन आहेत. एक मनगटी घड्याळातून खरे आकडे घेतो, दुसरा चाचणीसाठी खोटे बनवतो. ज्याच्यावर हे ॲनोटेशन, म्हणजे ही खूण असेल, ॲपच्या मुळाशी असलेलं फ्रेमवर्क तोच ॲपला जोडतं."

"मग ते खोट्यावर कसं?"

"सरांनीच हलवलंय. ही तारीख बघा."

तारीख मी ओळखली. तिच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांना फोनवर म्हणाले होते, "बाबा, आता एकदा जरी ठोके चुकले ना, तर नोकरी सोडून तिकडे राहायला येईन."