निरोपाचा शब्द

टीव्हीवर पंतप्रधानांचं निरोपाचं भाषण चाललं होतं. काकूंनीच लहानाची मोठी केलेली पुतणी ती. राजधानीला गेली आणि तिकडचीच झाली.

"आपल्या राज्यातून कितीतरी पुढारी राजधानीला गेले," शेजारीण मटार सोलता सोलता म्हणाली, "पण आधीचं कुणी फिरकलं का कधी इकडे? तुमची पुतणीही तिथेच बंगला घेऊन राहील, बघा."

काकूंनी टीव्हीचा आवाज वाढवला. सगळ्यांचे आभार मानून झाल्यावर पुतणीने सभागृहाला हात जोडले आणि शेवटचा शब्द तेवढा आपल्या भाषेत बोलली, "जाते."

"अगंबाई! निघताना 'जाते' म्हणतं का कुणी? 'येते' म्हणावं, एवढंही विसरली?" शेजारणीने कपाळाला हात लावला.

"नाही गं, विसरली नाही." काकूंचे डोळे भरून आले. त्यांनी टीव्हीलाच हात जोडले. "जिथे परत यायचं असतं, तिथेच 'येते' म्हणतात. या दारातून निघताना मला 'येते' म्हणाली होती ती. ऊठ बाई, वरची खोली झाडायला घेऊ."